जनुकीय अभियांत्रिकीचे नीतिशास्त्र आणि महाराष्ट्र

सजीवाच्या जनुकांमध्ये प्रयोगशाळेत हेतुपुरस्सर बदल करण्याच्या तंत्रास जनुकीय अभियांत्रिकी असे म्हणतात. हा बदल कोणत्या प्रयोजनाने करावा, कोठे थांबावे आणि तो निर्णय घेण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नांचा विचार म्हणजे जनुकीय अभियांत्रिकीचे नीतिशास्त्र होय. पाश्चात्त्य देशांत या चर्चेचा आरंभ बहुधा ईश्वराच्या निर्मितीत मानवाने ढवळाढवळ करावी काय, या प्रश्नापासून होतो. महाराष्ट्रात बीटी कापूस, बीटी वांगे, गर्भलिंगनिवड आणि सिकलसेल या विषयांवर जी चर्चा झाली, तीत हा प्रश्न क्वचितच अग्रभागी आला. बीज कोणाचे, आणि कोणत्या जीवाने जन्म घ्यावा हे ठरविणारा कोण, हे दोन प्रश्न येथे अधिक आग्रहाने विचारले गेले.

नाशिक जिल्ह्यात या चर्चेचे अनेक धागे एकत्र येतात. जन्मावर आधारलेल्या श्रेष्ठत्वाला आव्हान देणारा काळाराम मंदिर सत्याग्रह आणि येवल्याची घोषणा येथे झाली. बियाण्याच्या स्वातंत्र्याची मागणी पुढे ज्या शेतकरी संघटनेने केली, तिचे ऊस-कांदा आंदोलन १९८० साली याच जिल्ह्यात उभे राहिले. राज्यातील वैद्यकीय व आयुर्वेद शिक्षणाचे नियमन करणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिक येथे आहे. जिल्ह्याच्या पश्चिमेकडील सुरगाणा, पेठ, कळवण या तालुक्यांत आदिवासी लोकसंख्या मोठी आहे.

बीज, क्षेत्र आणि संकर

मराठीत या विषयाची चर्चा ज्या शब्दांत होते, ते शब्द नवे नाहीत आणि त्यांना जुन्या अर्थांची छाया आहे. बीज आणि क्षेत्र ही जोडी धर्मशास्त्रात पुरुष आणि स्त्री यांच्यासाठी वापरली गेली. अपत्य बीज देणाऱ्याचे की क्षेत्राच्या स्वामीचे, याचा खल मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात आहे. तेथे बीजाला श्रेष्ठत्व दिले आहे. पण परक्या शेतात पडलेल्या बीजाचे फळ शेताच्या मालकाला मिळते, असाही निर्णय दिला आहे. वाऱ्याने किंवा पाण्याच्या लोंढ्याने वाहून आलेल्या बीजालाही हाच नियम लावला आहे. मानवशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात या रूपकाचे विश्लेषण केले. स्त्रीला जमिनीची आणि पुरुषाला बीजाची उपमा दिल्याने अपत्यावरील व मालमत्तेवरील पुरुषाचा हक्क निसर्गसिद्ध भासू लागतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

वाऱ्याने आलेल्या बीजाचा प्रश्न आधुनिक न्यायालयांपुढेही आला, ही लक्षणीय बाब आहे. कॅनडातील शेतकरी पर्सी श्मायझर यांच्या शेतात मोन्सँटो कंपनीचे पेटंट असलेले जनुक असणारी मोहरीवर्गीय कनोला वनस्पती आढळली. बीज वाऱ्याने आले, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी ते बीज जाणीवपूर्वक राखून पुन्हा पेरले, असे ठरवून तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली पाच विरुद्ध चार मतांनी पेटंटभंग झाल्याचा निर्णय दिला. नुकसानभरपाई मात्र देवविली नाही. स्मृतिकाराचा दंडक आणि पेटंट कायदा यांची दिशा येथे परस्परविरुद्ध दिसते. अर्थात, १९२७ साली महाड येथे जिचे दहन झाले त्या स्मृतीला आजच्या शेतकऱ्याच्या बाजूने साक्षीला बोलावणे कोणालाही सहज जमण्यासारखे नाही.

‘संकर’ या शब्दाचा प्रवास आणखी उद्बोधक आहे. धर्मग्रंथांत वर्णसंकर ही भीतीची गोष्ट आहे. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाच्या विषादाचे ते एक कारण आहे. १९६० च्या दशकात संकरित ज्वारी आणि संकरित मका महाराष्ट्रात आले, तेव्हा तोच शब्द भरघोस पिकाचा वाचक झाला. तरीही जुना संशय पूर्णपणे गेला नाही. ‘हायब्रीड’ म्हणजे दिसायला मोठे पण चवीला आणि कसाला उणे, असा अर्थ बोलीत रूढ झाला. धान्याप्रमाणेच नव्या पिढीलाही हे विशेषण लावले जाते. जनुकीय तंत्राने तयार केलेल्या पिकाविषयी ग्रामीण भागात जो पहिला आक्षेप ऐकू येतो, तो बहुधा याच जातीचा असतो.

निसर्गात हस्तक्षेप नको, या युक्तिवादाची मर्यादाही शेतातच दिसते. नाशिकची द्राक्षे बहुतांशी बिनबियांची आहेत. त्यांची लागवड बीजाने नव्हे तर काडीने व कलमाने होते, आणि मणी फुगविण्यासाठी घडांना जिबरेलिक आम्ल दिले जाते. राज्यात लावल्या जाणाऱ्या तास-ए-गणेश आणि सोनाका या जाती थॉमसन सीडलेस या जातीत आपोआप घडलेल्या जनुकीय बदलांतून शेतकऱ्यांनी निवडून काढल्या. अशा बदलाला कोणी अनैसर्गिक म्हणत नाही. बदल घडला की घडविला, एवढ्यावर नैतिक फरक उभा राहतो काय, हा प्रश्न त्यामुळे खुला राहतो.

सुप्रजाजननशास्त्र आणि जात

मानवाच्या आनुवंशिकतेत सुधारणा करण्याचा विचार महाराष्ट्रात जनुक म्हणजे काय हे नीट कळण्यापूर्वीच आला होता. त्याला सुप्रजाजननशास्त्र असे नाव होते. कादंबरीकार आणि तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक ना. सी. फडके यांनी १९२७ साली भारतात सुप्रजाजननाची चळवळ उभी करावी, असे आवाहन करणारा इंग्रजी ग्रंथ मुंबईत प्रसिद्ध केला. अमेरिकेतील संततिनियमन चळवळीच्या नेत्या मार्गारेट सँगर यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. त्याच वर्षी र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू झाले. त्या काळी संततिनियमन आणि सुप्रजाजनन हे विषय अनेकदा एकत्रच चर्चिले जात, आणि दोन्हींकडे पुरोगामी विचार म्हणून पाहिले जाई.

इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमधील मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता व सुप्रजाजनन यांना वाहिलेल्या संस्थेत संशोधनासाठी गेल्या. संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते होते. कर्वे यांनी मानवी कवट्यांच्या असममितीचा अभ्यास केला. या असममितीचा वंशाशी संबंध असल्याचे त्यांच्या मोजमापांत दिसले नाही, आणि मार्गदर्शकाच्या गृहीतकाला अनुकूल नसलेला हा निष्कर्ष त्यांनी प्रबंधात मांडला. फिशर यांची शिकवण पुढे नाझी राजवटीच्या कामी आली. सुप्रजाजनन हा शब्द त्यानंतर जगभर बदनाम झाला.

या विचारावरील सर्वांत मूलगामी टीका डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी केली. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. तो पाच वर्षे चालूनही दार उघडले नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवला येथील परिषदेत आंबेडकरांनी धर्मांतराचा निर्धार जाहीर केला. पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘जातिनिर्मूलन’ विषयक इंग्रजी निबंधात त्यांनी जातीच्या जीवशास्त्रीय समर्थनाचा समाचार घेतला. जात रक्तशुद्धी राखण्यासाठी निर्माण झाली, या मताचे खंडन करताना त्यांनी इतिहासकार दे. रा. भांडारकर यांच्या संशोधनाचा आधार घेऊन भारतातील सर्व जातींत मिश्रण झालेले असल्याचे दाखविले. जात हे सुप्रजाजननाचे साधन असते तर शतकानुशतकांच्या निवडीने येथील प्रजा बळकट व्हायला हवी होती. प्रत्यक्षात तसे झालेले नाही, हा त्यांचा दुसरा मुद्दा होता.

जनुकीय सुधारणेचे समर्थन करणाऱ्या कोणत्याही युक्तिवादाला हा इतिहास महाराष्ट्रात ओलांडून जाता येत नाही. ‘चांगले जनुक’ आणि ‘चांगले कूळ’ यांतील अंतर येथे फार थोडे आहे.

कापूस आणि बियाण्यावरील हक्क

जालना येथे १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी स्थापन केलेल्या महिको या बियाणे कंपनीने मोन्सँटोच्या सहकार्याने तयार केलेल्या बीटी कापसाच्या तीन संकरित वाणांना केंद्र सरकारच्या जनुकीय अभियांत्रिकी मंजुरी समितीने २६ मार्च २००२ रोजी परवानगी दिली. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतील जिवाणूचे एक जनुक या वाणांत घातलेले आहे. त्यामुळे बनणारे प्रथिन बोंडअळीला मारक ठरते. भारतात लागवडीस मंजुरी मिळालेले हे पहिले जनुकीय पीक होय.

त्याआधीच, १९९८ साली, ‘टर्मिनेटर’ बियाण्याच्या वार्तेने देशभर खळबळ उडाली होती. पुन्हा पेरल्यास उगवणार नाही असे बीज तयार करण्याच्या तंत्राला त्या वर्षी अमेरिकेत पेटंट मिळाले. हे तंत्र बाजारात कधीच आले नाही आणि बीटी कापसात ते नाही. बीटी कापसाचे बी शेतकरी राखत नाहीत याचे कारण ते संकरित आहे आणि दुसऱ्या पिढीत त्याचा जोम घटतो, हे आहे. तरीही वांझ बीज ही कल्पना लोकांच्या मनावर खोल परिणाम करून गेली, कारण बीज उगवणे हाच त्याचा धर्म मानलेला आहे. घटस्थापनेला मातीत धान्य पेरून नऊ दिवस त्याचे अंकुर पुजणाऱ्या समाजाला न उगवणारे बीज हे तंत्रज्ञान न वाटता अशुभ वाटले, यात नवल नव्हते. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने असे तंत्र असलेल्या वाणाची नोंदणीच निषिद्ध केली, आणि शेतकऱ्याचा बी राखण्याचा, पेरण्याचा व देवाणघेवाणीचा हक्क मान्य केला.

हा हक्क म्हणजे काय ते कांद्याच्या पट्ट्यात स्पष्ट दिसते. निफाड, येवला, चांदवड भागांतील अनेक शेतकरी निवडक कांदे पुन्हा लावून त्यांचे डेंगळे राखतात आणि घरचे उळे तयार करतात. शेजाऱ्याला किंवा पाहुण्याला उळे देणे हा व्यवहारापेक्षा नात्याचा भाग असतो. शेजारच्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बियाणे बँक उभी केली. त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. नाशिक आणि डांग भागांतील कोकणा व वारली समाजांत कणसरी ही धान्याची देवता आहे. धान्य ही आई आहे, असे मानणाऱ्याच्या दृष्टीने बियाण्यावरील पेटंट ही केवळ आर्थिक बाब राहत नाही.

बियाण्यावरील स्वातंत्र्याचा याहून वेगळा अर्थ शेतकरी संघटनेने लावला. शरद जोशी यांनी शेतमालाच्या बाजारस्वातंत्र्याइतकेच तंत्रज्ञानाच्या स्वातंत्र्यावर भर दिला होता. तणनाशक सहन करणाऱ्या एचटीबीटी कापसाला परवानगी नसताना संघटनेच्या शेतकऱ्यांनी १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे त्याची जाहीर पेरणी करून कायदेभंग केला. आपल्या शेतात काय पेरावे हे सरकारने ठरवू नये, ही त्यांची भूमिका होती. त्याउलट संघपरिवारातील स्वदेशी जागरण मंच आणि भारतीय किसान संघ यांनी जनुकीय पिकांच्या चाचण्यांना सातत्याने विरोध केला. विरोधक आणि समर्थक दोघेही स्वातंत्र्याचीच भाषा बोलतात. एकाला ते कंपनीपासून हवे आहे, दुसऱ्याला सरकारपासून.

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने धारवाडच्या कृषी विद्यापीठासह तयार केलेला ‘बिकानेरी नरमा बीटी’ हा सरळ वाण दोन्ही पक्षांना मान्य होण्यासारखा होता, कारण त्याचे बी घरी राखता आले असते. तो २००९ च्या हंगामात शेतकऱ्यांपर्यंत पोहोचला. परंतु त्यात मोन्सँटोच्या जनुकाचा अंश आढळल्याने मागे घेण्यात आला.

अहिंसेच्या दृष्टीने बीटी कापसाचे मूल्यमापन अधिक गुंतागुंतीचे आहे. आरंभीच्या वर्षांत बोंडअळीसाठीची फवारणी घटली. पुढे गुलाबी बोंडअळीत प्रतिकारक्षमता निर्माण झाली, आणि २०१७ साली विदर्भात पिकाची मोठी हानी झाली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले. अळी मारणारे जनुक आणि अळी मारणारे औषध यांची तुलना करताना फवारणीचा पंप ज्याच्या पाठीवर आहे त्या माणसाचा विचार टाळता येत नाही.

वांगे, नैवेद्य आणि औषध

बीटी वांग्याला मंजुरी समितीने १४ ऑक्टोबर २००९ रोजी हिरवा कंदील दाखविला. तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यास बेमुदत स्थगिती दिली. कापूस अंगावर घालायचा, वांगे पोटात जाणार, हा फरक तर होताच. शिवाय भारत हे वांग्याच्या विविधतेचे केंद्र आहे, आणि परागकणांवाटे नवे जनुक स्थानिक वाणांत मिसळेल, अशी भीती होती. बांगलादेशाने २०१३ साली याच तंत्राच्या वांग्याला परवानगी दिली.

महाराष्ट्रात वांग्याला धार्मिक दिनदर्शिकेतही स्थान आहे. चातुर्मासात अनेक घरांत कांदा, लसूण आणि वांगे वर्ज्य असते. मार्गशीर्षातील चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून ते पुन्हा खाण्यास आरंभ होतो. मालेगावजवळील चंदनपुरी हे नाशिक जिल्ह्यातील खंडोबाचे प्रसिद्ध स्थान आहे. खानदेशातील भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. जे देवाला दाखवायचे ते परके जनुक घातलेले चालेल काय, हा प्रश्न कोणत्याही धर्मशास्त्रीय पीठाने निर्णयासाठी घेतल्याचे प्रसिद्ध नाही. विरोधाची भाषा आरोग्याची, जैवविविधतेची आणि कंपन्यांच्या मक्तेदारीचीच राहिली.

औषधांच्या बाबतीत तर विरोध जवळजवळ झालाच नाही. पूर्वी इन्सुलिन डुकराच्या किंवा गुराच्या स्वादुपिंडापासून मिळवीत असत. मानवी जनुक जिवाणूत घालून तयार केलेले इन्सुलिन १९८२ साली अमेरिकेत बाजारात आले. पुढे २००३ साली औरंगाबाद येथे उत्पादन करणाऱ्या वॉकहार्ट कंपनीने भारतीय बनावटीचे असे इन्सुलिन आणले. त्यामुळे हिंदू, मुस्लिम आणि जैन अशा सर्वच रुग्णांची धर्माशी निगडित अडचण दूर झाली. चीज करण्यासाठी लागणारे, पूर्वी वासराच्या जठरातून काढले जाणारे विकरही आता जनुकीय तंत्राने मिळते. माणसाचे जनुक जिवाणूत घालणे हा सृष्टिक्रमातील मोठाच हस्तक्षेप होय. परंतु तो इंजेक्शनच्या बाटलीत आला, शेतात आला नाही, म्हणून डोळ्यांवर आला नाही.

धर्मपरंपरांतील भूमिका

हिंदू परंपरेत सर्वांना बंधनकारक असा एकच निर्णय देणारे पीठ नाही. सृष्टीहून वेगळा असा स्रष्टा आणि त्याने आखून दिलेल्या अभेद्य जाती, ही कल्पना येथे ठाम नाही; नरसिंह आणि गणपती ही रूपे पूजनीय आहेत. त्यामुळे प्राण्यांच्या जातींमधील सीमा ओलांडणे हे आपोआप पाप ठरत नाही. कौरवांचा जन्म तुपाने भरलेल्या घटांतून झाल्याची महाभारतातील कथा अनेकदा प्राचीन जनुकविज्ञानाचा पुरावा म्हणून पुढे केली जाते. २५ ऑक्टोबर २०१४ रोजी मुंबईतील एका रुग्णालयाच्या कार्यक्रमात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी कर्णाच्या जन्माचा या संदर्भात उल्लेख केला होता. कथेला प्रयोगशाळेचा अहवाल मानणे इतिहासदृष्ट्या टिकत नाही, आणि त्यामुळे कथेतील नैतिक प्रश्नही झाकला जातो. घटांतून शंभर पुत्र हवेत, हा हट्ट कोठे जाऊन पोहोचला, हेच तर महाभारत सांगते.

रोग हे पूर्वकर्माचे फळ असेल तर जनुक बदलून ते टाळणे म्हणजे कर्मसिद्धांतात हस्तक्षेप होय, असा आक्षेप कधीकधी घेतला जातो. त्याला उत्तर चरकसंहितेतच आहे. विमानस्थानात दैव आणि पुरुषकार, म्हणजे पूर्वकर्म आणि या जन्मातील प्रयत्न, यांची चर्चा असून बलवान प्रयत्न दुर्बल दैवाला मागे सारतो, असे मानले आहे. तसे नसते तर वैद्यकालाच अर्थ उरला नसता.

बौद्ध विचारात हेतूला महत्त्व आहे. कृतीमागे करुणा आहे की लोभ, यावर तिचे मूल्य ठरते. आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माची कल्पना आनुवंशिकतेच्या विज्ञानाशी जुळत नाही, असे मांडले. मूल शरीराचे गुण आईवडिलांकडून घेते. मग त्याची आजची अवस्था गतजन्मीच्या पापाने आली, असे म्हणण्याला जागा उरत नाही. दारिद्र्य आणि अस्पृश्यता यांना कर्मफल म्हणणाऱ्या समाजाविरुद्ध येथे आनुवंशिकीचा उपयोग मुक्तीचे साधन म्हणून केलेला दिसतो.

जैन दर्शनात वनस्पतीही एकेंद्रिय जीव आहे. कंदमुळे वर्ज्य मानणारे जैन कुटुंब कांद्याच्या बाजारपेठेत व्यापार करताना दिसते, तसेच म्हसरूळजवळच्या गजपंथ या सिद्धक्षेत्राच्या यात्रेलाही जाते. आहाराचे नियम आणि व्यवहार यांचा मेळ घालण्याचा या समाजाचा अनुभव जुना आहे. प्राण्याचे जनुक भाजीत आले तर ती शाकाहारी राहील काय, हा जैनांचा आणि इतर शाकाहारी लोकांचा स्वाभाविक प्रश्न आहे. माशाचे जनुक घातलेला टोमॅटो हे त्याचे नेहमीचे उदाहरण. मात्र तो चाचणीपलीकडे गेला नाही आणि कोठेही विकला गेला नाही.

इस्लाममध्ये अल्लाहच्या निर्मितीत बदल करणे हे सैतानाच्या चिथावणीचे कृत्य म्हणून कुराणात आले आहे. विद्वानांनी या वचनाचा अर्थ उपचाराला मनाई असा लावलेला नाही. मक्केच्या फिकह परिषदेने १९९८ साली रोगनिवारणासाठी जनुकीय अभियांत्रिकीला अनुमती दिली, शेती व पशुपालनात अपाय न होण्याच्या अटीवर ती मान्य केली, आणि मानवाचे व्यक्तिमत्त्व बदलण्यासाठी तिचा वापर निषिद्ध ठरविला.

कॅथलिक चर्चची भूमिका सर्वांत तपशीलवार आहे. नाशिकचे स्वतंत्र धर्मप्रांत १९८७ साली स्थापन झाले. त्याच वर्षी व्हॅटिकनने प्रयोगशाळेतील गर्भधारणेला नकार देणारा दस्तऐवज काढला. २००८ च्या दस्तऐवजात रुग्णाच्या शरीरपेशींवरील जनुकोपचार तत्त्वतः मान्य केला, आणि पुढील पिढ्यांत उतरणारा बदल सद्यःस्थितीत अमान्य ठरविला. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या पर्यावरणविषयक परिपत्रात जनुकीय पिकांवर अंतिम निवाडा दिला नाही. मूठभरांच्या हाती बियाणे जाण्याची आणि लहान शेतकरी उखडला जाण्याची चिंता त्यांनी व्यक्त केली. ही चिंता विदर्भातील सभांत मांडली गेली तिच्यापेक्षा वेगळी नाही.

गर्भलिंगनिवड

मानवी गर्भाच्या बाबतीत महाराष्ट्राचा अनुभव जगातील तात्त्विक चर्चेच्या पुढे होता. गर्भजलपरीक्षेच्या गैरवापराविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य होय. हा कायदा १९८८ सालचा. केंद्रीय कायदा १९९४ साली झाला. त्याची अंमलबजावणी होत नाही म्हणून मुंबईची सेहत आणि पुण्याची मासूम या संस्थांनी डॉ. साबू जॉर्ज यांच्यासह २००० साली सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्यानंतर कायद्यात दुरुस्ती होऊन गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही निषिद्ध झाली. तरीही राज्यातील दर हजार मुलग्यांमागे मुलींचे प्रमाण सहा वर्षांखालील वयोगटात २००१ साली ९१३ होते, ते २०११ साली ८९४ वर आले.

दोन मुली असलेल्या एका दांपत्याने या दुरुस्तीला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. कुटुंबात समतोल साधण्यासाठी मुलगा निवडण्याचा अधिकार असावा, आणि गर्भधारणेपूर्वीच्या निवडीत कोणाची हत्या होत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. २००७ साली न्यायालयाने याचिका फेटाळली. गर्भाला इजा होते की नाही, एवढ्यापुरता हा प्रश्न नाही. अशी निवड हाच स्त्रीच्या प्रतिष्ठेवर आघात आहे, असे न्यायालयाने मानले.

याच काळात जर्मन तत्त्वज्ञ युर्गेन हाबरमास आणि अमेरिकन तत्त्वज्ञ मायकेल सँडेल यांनी अपत्याची जनुकीय रचना आईवडिलांनी ठरविण्यावर आक्षेप घेतले. कोणीतरी आधीच आखलेले आयुष्य जगणाऱ्या अपत्याचे स्वातंत्र्य उणे होते, असे हाबरमास यांचे म्हणणे. तर जे मिळाले ते स्वीकारण्याची वृत्ती नष्ट होते, असे सँडेल यांचे. उत्तम अपत्य निवडणे हे आईवडिलांचे कर्तव्यच आहे, असे ज्युलियन सावुलेस्कू यांनी २००१ साली मांडले. उत्तम म्हणजे काय हे स्वतंत्रपणे ठरते, असे या युक्तिवादात गृहीत धरलेले आहे. जेथे ‘उत्तम’ याचा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या ‘मुलगा’ असा होत आला, तेथे त्याची कसोटी लागते.

धार्मिक परंपरेचा धागा येथेही आहे. सोळा संस्कारांतील पुंसवन हा संस्कार पुत्रप्राप्तीसाठी सांगितलेला असून चरकसंहितेत त्याचे विधी दिले आहेत. आयुर्वेद पदवीच्या अभ्यासक्रमात हे विधी शिकविले जात असल्याबद्दल २०१७ साली लिंगनिवडविरोधी कायद्याच्या आधारे आक्षेप घेण्यात आला आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे नाव चर्चेत आले. प्राचीन ग्रंथ ग्रंथ म्हणून शिकविणे आणि त्यातील विधी उपचार म्हणून शिकविणे यांत भेद करावा लागतो, हे त्या वादातून पुढे आले.

सिकलसेल आणि जनुकसंपादन

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार महाराष्ट्रातील आदिवासी आणि काही दलित समाजांत आढळतो. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला विकार होण्याची शक्यता एक चतुर्थांश असते. एकच सदोष जनुक बाळगणाऱ्या वाहकाला मात्र हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते. जे जनुक एका परिस्थितीत दोष ते दुसऱ्या परिस्थितीत आधार, ही गोष्ट ‘शुद्ध’ आनुवंशिकतेच्या कल्पनेला छेद देणारी आहे.

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात चाळीस वर्षांखालील सात कोटी लोकांची तपासणी आणि प्रत्येकाला त्याच्या जनुकीय स्थितीचे कार्ड देण्याचे उद्दिष्ट आहे. विवाहापूर्वी ही कार्डे जुळवून पाहावीत, असा सल्ला दिला जातो. पत्रिका पाहण्याची सवय असलेल्या समाजाला तो लगेच समजतो, आणि त्यातच धोकाही आहे. मंगळ असलेल्या मुलीप्रमाणे वाहक मुलगीही नाकारली जाण्याची भीती असते, मुलाच्या कार्डाकडे मात्र दुर्लक्ष होऊ शकते.

जनुकसंपादनावर आधारित सिकलसेलच्या ‘कॅसजेव्ही’ उपचाराला ब्रिटन आणि अमेरिकेत २०२३ च्या अखेरीस मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर ठेवण्यात आली. भारतात दिल्लीच्या जीनोमिकी व समवेत जीवविज्ञान संस्थेने ‘बिरसा १०१’ हा उपचार विकसित केला. तो बिरसा मुंडा यांच्या १५० व्या जयंतीनिमित्त नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाला, आणि त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपविण्यात आले. हा बदल रुग्णाच्या रक्तपेशींपुरता असतो. तो त्याच्या मुलांत उतरत नाही. पुढील पिढ्यांत उतरणारा बदल भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निषिद्ध आहे. चीनमध्ये हे जियानक्वी यांनी २०१८ साली असा बदल केलेल्या जुळ्या मुलींच्या जन्माची घोषणा केली, तेव्हा त्यांना तुरुंगवास झाला.

त्यामुळे उपचार घेऊन बरा झालेला रुग्णही आपल्या अपत्याला ते जनुक देऊ शकतो, आणि विवाहाच्या वेळी त्याच्या कार्डावर पूर्वीचीच नोंद राहते.